'काल पाहिलंय' मराठीत चालतं, मग इंग्रजीत लाल फुली का?

कोयनाकाठ

माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. परवा रात्री मी ओटा पुसत होते, तर ही वही घेऊन आली. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' या वाक्यावर लाल फुली. शेजारी ना दुरुस्ती, ना कारण. तिनं विचारलं, "आई, 'मी त्याला काल पाहिलंय' हे बरोबर आहे ना?" म्हटलं, बरोबर आहे. "मग तेच इंग्रजीत लिहिलं तर चूक कसं?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागलं.

बारा काळांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण. वर्तमान, भूत, भविष्य. चार त्रिक बारा. कर्ता अधिक हॅव किंवा हॅज अधिक तिसरं रूप, असं घडाघडा म्हणते. आणि तीच पोर मावशीशी इंग्रजी बोलायला गेली की 'डिड यू वेन्ट?' म्हणते. मी पाचवीत एबीसीडी शिकले. २००० सालापासून आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे तिला चार वर्षं जास्त मिळाली. तरी आम्ही दोघी अडखळतो त्या जागा त्याच.

नियम गाइडमध्ये आहेत, ते नकोत. मला 'का' हवंय. हॅवला काल का चालत नाही? डू आणि डिड मध्येच कुठून येतात, त्यांना मराठीत काही अर्थच नाही, मग ते करतात काय? आणि 'मी दहा वर्षांपासून इथं राहते' हे 'आय लिव्ह हिअर' म्हटलं तर का चालत नाही? कुणी मराठीतून समजावून सांगेल का? तिला तसंच सांगणार आहे.

जुनाखडू

ताई, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या आणि खेड्यातल्या शाळांत. कारण न लिहिता फुली मारायला नको होती, हे आधी सांगतो. मुलीचा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे.

सुरुवात इथून करा: 'हॅव' हे वर्तमानकाळी रूप आहे. त्याच्या मागं भूतकाळी दिसणारं 'सीन' आलं म्हणून आपण फसतो. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली या क्षणी माझ्याकडं नाही, मी कुलूपबंद दारासमोर उभा आहे. 'आय लॉस्ट माय की यस्टरडे' ही कालची हकिकत झाली. किल्ली नंतर सापडलीही असेल. पहिलं वाक्य आत्ताच्या परिस्थितीबद्दल बोलतं, दुसरं संपलेल्या दिवसाबद्दल. 'यस्टरडे', 'लास्ट मंडे', '२०१० मध्ये' हे सगळे संपलेले दिवस.

मी वर्गात एकच कसोटी द्यायचो. वाक्यात 'केव्हा?' या प्रश्नाचं उत्तर आलं आणि ती वेळ संपलेली असली, की हॅव काढा, साधा भूतकाळ घाला. वेळ अजून चालू असेल तर हॅव राहू द्या. सकाळी दहा वाजता 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर. तेच संध्याकाळी सांगायचं तर 'आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग', कारण सकाळ उरलीच नाही.

आता मराठीचं. आपलं 'पाहिलंय' थोडं वेगळं काम करतं. 'मी त्याला काल पाहिलंय' असं आपण कधी म्हणतो? कुणी म्हणालं 'तो गावात नाही', तर आपण ठासून म्हणतो, 'अहो, मी कालच पाहिलंय त्याला!' म्हणजे मी साक्षीला उभा आहे. त्या साक्षीला 'काल' चालतो. इंग्रजी हॅवमध्ये ही साक्षीची छटा नाही, म्हणून तिथं काल अडतो.

पावशेर

खडूसर, धन्यवाद. आज पहिल्यांदा कळलं. चहाचं उदाहरण भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आमच्या कंपनीतला एक जण परदेशी ग्राहकाला फोनवर 'आय केम, आय केम' म्हणत होता. त्याला 'आलोच, आलोच' म्हणायचं होतं. पलीकडचा माणूस रिसेप्शनला त्याला शोधत राहिला.

र्‍हाईनकाठ

'आलोच'वर पोट धरून हसले. :)

मी ड्युसेलडॉर्फला असते. एक भर घालते. जर्मनमध्ये 'मी त्याला काल पाहिलंय' हेच बरोबर! 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन.' हाबे म्हणजे हॅव, गेस्टर्न म्हणजे काल. रोजच्या बोलण्यात भूतकाळ बहुतेक असाच सांगतात. फ्रेंचमध्येही तसंच. म्हणजे मुलीचं वाक्य अगदीच तर्काला सोडून नव्हतं. तिला हे आवर्जून सांगा. जर्मनांनाही इंग्रजी शिकताना हीच चूक होते, आणि त्यांची भाषा तर इंग्रजीची सख्खी चुलत बहीण.

कोयनाकाठ

हे वाचून दाखवलं. तिचा चेहरा बघायला हवा होता. "म्हणजे मी जर्मनीत पास!" म्हणाली.

नणंद_न्यूजर्सी

इकडची गंमत सांगू का? अमेरिकेत 'हॅव यू ईटन येट?'च्या जागी 'डिड यू ईट येट?' सर्रास ऐकू येतं. 'आय जस्ट एट', 'आय ऑलरेडी टोल्ड यू'. इंग्लंडमधले लोक इथं हॅव घालतात. मग शाळेत या हॅवचा एवढा बाऊ कशाला?

जुनाखडू

नणंदबाई, खरंय, जस्ट, येट, ऑलरेडी यांच्यासोबत अमेरिकन लोक साधा भूतकाळ खुशाल वापरतात. पण उलट दिशेनं बघा: 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' तुमच्याकडंही कुणी म्हणत नाही. हॅव गाळण्याची सूट आहे, काल घुसवण्याची नाही.

दुर्वांकुर

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

हॅव मुळात आलं कुठून, हे कळलं तर मुलीला तो काळ आपला वाटेल. जुन्या इंग्रजीत रचना अशी होती: माझ्याकडं पत्र आहे, लिहिलेलं. 'आय हॅव द लेटर रिटन.' हॅव म्हणजे खरोखर 'जवळ असणं'. हळूहळू 'रिटन' सरकत हॅवला जाऊन चिकटलं, आणि 'आय हॅव रिटन द लेटर' झालं. आपण 'मी पत्र लिहून ठेवलंय' म्हणतो ना? त्यात 'ठेवणं' कुठं उरलंय? पत्र फळीवर ठेवलंय असं थोडंच म्हणायचंय! काम करून, त्याचं फळ हाताशी आहे, एवढंच. 'खाऊन टाक', 'बोलून गेला', 'रडू लागलं' यांतली टाकणं, जाणं, लागणं ही क्रियापदं आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्याच्या मदतीला उभी राहिलीत. सहायक क्रियापद हा प्रकार आपल्याकडं इंग्रजीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. मुलं तो दिवसभर बोलतात. फक्त त्यांना कुणी दाखवून देत नाही.

आणि एक. 'बारा काळ' हा आकडा डोक्यातून काढा. क्रियापदाचं रूप बदलून काळ दाखवायचा तर इंग्रजीत दोनच निघतात: वर्तमान आणि भूत. गो, वेन्ट. संपलं. 'जाईन' असं एका शब्दात भविष्य सांगणारं रूप मराठीला आहे, इंग्रजीला नाही. तिथं 'विल' हे सहायक मदतीला घ्यावं लागतं, आणि विलचा मूळ अर्थ होता 'इच्छा असणं'. बाकी चालू, पूर्ण हे काळ नव्हेत. काम अर्ध्यात आहे की झालंय, एवढंच ते सांगतात.

सुपारीबाग

मला हे पटलं नाही. बारा काळ शिकूनच आम्ही दहावी पास झालो, नोकऱ्या केल्या. आता 'दोनच काळ' म्हणून पोरांना सांगितलं तर परीक्षेत काय लिहायचं? पेपरात 'पूर्ण वर्तमानकाळ करा' असंच येतं.

दुर्वांकुर

@सुपारीबाग, परीक्षेत बाराच लिहायचे. पण ज्या मुलीनं तक्ता पाठ करूनही 'डिड यू वेन्ट' म्हटलं तिला तक्त्याचा उपयोग झाला नाही, हे धागाकर्तीनंच लिहिलंय. नावं पाठ असू देत. आत यंत्र कसं फिरतं ते वेगळं शिकवावं लागतं.

गार्डाचा_डबा

यंत्राचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, मिरज, दौंड, सोलापूर या पट्ट्यात. इंग्रजी उशिरा शिकलो, खात्याच्या परीक्षेसाठी, रात्रपाळीत ब्रेकव्हॅनमध्ये बसून. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मला जे दिसत होतं त्यावरूनच मी समजून घेतलं. ताई, मुलीला सांगून बघा.

इंग्रजी क्रियापद म्हणजे गाडी. पुढं इंजिन, मागं डबे. शेवटचा डबा खऱ्या कामाचा, म्हणजे मुख्य क्रियापद.

काळ फक्त इंजिनावर लिहिलेला असतो. डब्यांवर नाही. 'ही हॅज बीन वेटिंग.' इंजिन हॅज, वर्तमान. इंजिन बदला: 'ही हॅड बीन वेटिंग', भूत झाला. बीन वेटिंग हा रेक तसाच राहिला, त्याला हात लावायचा नाही.

डबे कसेही जोडता येत नाहीत, क्रम ठरलेला आहे. कॅन, मे, माइट, विल, मस्ट यांतलं एखादं असेल तर ते सगळ्यांत पुढं. मग हॅव. मग बी, म्हणजे इज, वॉज, बीन ही सगळी त्याचीच रूपं. मग मुख्य क्रियापद. मधलं एखादं नसलं तरी चालतं, पण मागचं पुढं येत नाही. सगळी गाडी भरली तर 'ही माइट हॅव बीन वेटिंग': तो कदाचित वाट बघत बसला असेल.

आता कपलिंग. प्रत्येक जण आपल्या मागच्या डब्याचं तोंड ठरवतो. कॅन-माइटच्या मागं मूळ रूप: माइट हॅव, माइट हॅज कधीच नाही. हॅवच्या मागं तिसरं रूप: हॅव बीन, हॅव सीन. बीच्या मागं आयएनजी: बीन वेटिंग. कर्मणी असेल तर बीच्या मागं तिसरं रूप: वॉज सीन. एवढी तीन-चार कपलिंगं कळली की बारा खणांचा तक्ता आपोआप जुळतो, पाठ करावा लागत नाही.

प्रश्न विचारायचा तर इंजिन सोडवून कर्त्याच्या पुढं आणून लावायचं. फक्त इंजिन. 'हॅज ही बीन वेटिंग?' डबे जागेवर. नकार द्यायचा तर 'नॉट' इंजिनाच्या लगेच मागं: 'हॅज नॉट बीन वेटिंग'.

आता ताईंचा डू. 'यू गो टू स्कूल' या गाडीला इंजिनच नाही. एकच डबा आहे, स्वतःच्या मोटरवर चालणारा, डेमूसारखा. सरळ जायला अडचण नाही. पण प्रश्न विचारायचा तर पुढं काय काढून लावणार? नकार द्यायचा तर नॉट कुणाच्या मागं लावणार? म्हणून लोको शेडमधून एक इंजिन मागवतात. त्याचं नाव डू. त्याला स्वतःचा काही माल नाही, म्हणून त्याला मराठीत अर्थ सापडत नाही. ते फक्त ओढायला येतं.

आणि इंजिन आलं की काळ त्याच्यावर चढतो. 'यू वेन्ट' मधला भूतकाळ डब्यावरून उतरून इंजिनावर गेला: डिड. डबा रिकामा झाला: गो. 'डिड यू गो?' 'डिड यू वेन्ट' म्हणजे एका गाडीला दोन ठिकाणी काळ लिहिला. 'डझ शी गोज' चं पण तेच.

पावशेर

काका _/\_

अबोली_माळ

गार्डकाका, मी बारावीच्या मुलांना शिकवते. उद्या सकाळी फळ्यावर गाडी काढणार. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

'डिड यू वेन्ट' बद्दल मला नेहमी वाटतं ते लिहिते. मराठीत प्रश्न कसा होतो? 'तू गेलास' ला 'का' लावला: 'तू गेलास का?' 'का' कधी बदलत नाही, काळ 'गेलास'वरच राहतो. मुलं डिडला 'का' समजतात, म्हणून वेन्ट तसंच ठेवतात. मराठीच्या हिशोबानं त्यांचं बरोबर आहे. एकदा 'डिड हा का नव्हे, डिडनं काळ उचलून नेलाय' हे सांगितलं, की निदान माझ्या वर्गात तरी ही चूक पुष्कळ कमी होते.

एकशिंगी

हे वेन्ट कुठून आलं? गो, गोड व्हायला हवं होतं.

दुर्वांकुर

वेन्ट हे 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. सेन्ड-सेन्ट तसं वेन्ड-वेन्ट. गोनं ते उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. आपल्याकडं बघा की, जा-जातो आणि गेला. 'जा'मधून 'गे' कसं निघालं? तिथंही दोन वेगळे संस्कृत धातू एकत्र नांदतात, या आणि गम्. म्हणून मुलांना वेन्टचं नवल वाटू नये.

डूबद्दल थोडं अवांतर. हे इंजिन पूर्वी सक्तीचं नव्हतं. 'नो', म्हणजे माहीत असणं, हे क्रियापद घ्या: सोळाव्या-सतराव्या शतकात 'नो यू?' आणि 'डू यू नो?' दोन्ही चालत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'दे नो नॉट व्हॉट दे डू' असं वाक्य आहे. नॉट थेट नोच्या मागं, डूची मदत न घेता. पुढं डू पक्कं होत गेलं.

नणंद_न्यूजर्सी

आम्हाला शाळेत 'आय शॅल, वी शॅल, बाकी सगळ्यांना विल' असं शिकवलेलं. इथं आल्यापासून शॅल जवळजवळ ऐकलंच नाही. हा नियम मुळात कुणी बनवला?

दुर्वांकुर

तो नियम लिहून ठेवणारे जॉन वॉलिस. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. हे गृहस्थ गणिती होते. अनंताची खूण, ते आडवं आठ, १६५५ साली गणितात आणलं ते त्यांनीच. परक्यांना इंग्रजी सोपं जावं म्हणून त्यांनी शॅल-विलची वाटणी करून दिली, आणि ती आपल्या गावच्या शाळांपर्यंत येऊन पोचली. रोजच्या बोलण्यात आता विल सगळ्यांना चालतं. 'शॅल वी गो?', 'जाऊ या का?' एवढ्यापुरतं शॅल लक्षात ठेवलं तरी पुरे.

बोलघेवडा

मी पुण्यात कॉल सेंटरमध्ये ट्रेनर होतो, अकरा वर्षं. ताईंच्या 'दहा वर्षांपासून'कडं येतो, तो मागंच राहिला.

आमच्या मुलांचं हमखास वाक्य: 'आय एम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.' यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच शिकवाव्यात. मराठीचा 'पासून' दोन कामं करतो. 'सोमवारपासून' म्हणजे सुरुवातीचा खुंटा, तिथं सिन्स. 'दहा वर्षांपासून' म्हणजे मोजलेली लांबी, तिथं फॉर. माझ्या बॅचला मी म्हणायचो, 'पासून'च्या जागी 'झाली' घालून बघा. 'दहा वर्षं झाली' जमतं, म्हणजे फॉर. 'सोमवार झाला' जमत नाही, म्हणजे सिन्स.

दुसरं, काळ. आपण 'राहतो' किंवा 'राहतोय' म्हणतो, कारण आजही इथंच आहे. इंग्रजी म्हणतं, तेव्हा सुरू झालं आणि आजपर्यंत ताणत आलं. म्हणून कालचं टोक आणि आजचं टोक दोन्ही धरणारं रूप हवं: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स.' खडूसरांनी सांगितलेलं वर्तमानातलं हॅव इथं नेमकं कामाला येतं. 'झाली' म्हणून बघा: 'मला इथं राहायला लागून दहा वर्षं झाली.' मराठीतही पूर्ण झाल्याचा भाव शिरलाच की नाही?

सुपारीबाग

बोलघेवडा, हे 'झाली'चं मात्र एकदम पटलं. पण मला सांगा, 'आय एम हॅविंग टू चिल्ड्रन', 'आय एम नॉट अंडरस्टँडिंग' हे अख्खा भारत बोलतो. सगळ्यांना कळतं. मग चूक कोण ठरवणार?

मांडवीतीर

माझं मत सुपारीबाग यांच्या बाजूनं. भारतातली इंग्रजी ही आता इथलीच एक भाषा आहे. म्हापशाच्या बाजारात मराठी, कोंकणी, इंग्रजी एका वाक्यात येतात आणि व्यवहार होतो. कुणी कुणाला हसू नये.

बोलघेवडा

हसू नयेच. हसण्यामुळं किती हुशार पोरं तोंड उघडत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मुलाखतीत त्याच वाक्यावरून नाकारलेली पोरंही पाहिलीत. म्हणून मी दोन्ही सांगायचो: घरात बोल तसं, पण तिकडं गेलास तर 'आय हॅव टू चिल्ड्रन', 'आय डोन्ट अंडरस्टँड'. असणं, माहीत असणं, आवडणं, कळणं या गोष्टी चालू नसतात, त्या असतात. मराठीतही 'मला माहीत होतंय' म्हणत नाही आपण, 'माहीत आहे' म्हणतो. गडबड 'समजत नाहीये' मुळं होते. तिथं मराठी चालू रूप चालवून घेते, इंग्रजी सहसा घेत नाही.

र्‍हाईनकाठ

मराठीतून समजावण्याचा विषय निघालाय तर मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेलं सांगते.

'मी जाईन', 'मी जाणार आहे', 'मी उद्या जातेय'. तिन्ही भविष्यच. पण 'पाहुणे आलेत, दूध संपलंय' म्हटल्यावर आपण लगेच म्हणतो 'मी आणीन की'. 'आणणार आहे' म्हटलं तर आधीच ठरलेलं होतं असं वाटतं. तिकीट काढून झालं की 'उद्या जातेय'. इंग्रजीत 'आय विल', 'आय एम गोइंग टू', 'आय एम गोइंग टुमॉरो' यांत बराचसा हाच फरक आहे. पुस्तकात दोन पानं वाचून मला तो कळला नव्हता. 'दूध आणीन की' वरून एका क्षणात कळला.

दुसरं, 'असेल'. दारावर टकटक झाली, 'पोस्टमन असेल'. भविष्याचं रूप, पण अंदाज आत्ताचा. इंग्रज पण 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात!

अबोली_माळ

आणि 'तुमच्याकडे एक काम होतं'! काम आत्ता आहे, तरी 'होतं'. नम्रपणा म्हणून एक पाऊल मागं घेतो आपण. 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' मध्ये वॉन्टेड त्यासाठीच. मुलं विचारतात, आत्ता विचारतोय मग भूतकाळ का? मी म्हणते, सावकारासमोर तुझे आजोबा कसं बोलायचे, 'जरा बोलायचं होतं', तसंच.

जिथं मराठी दगा देते ती जागाही सांगते. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' दोन्हीकडं 'असतं-असतो' सारखं. म्हणून मुलं दोन्हीकडं वुड घालतात: 'इफ आय वुड हॅव नोन'. इंग्रजीत जर-वाल्या भागात हॅड, तर-वाल्या भागात वुड हॅव: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. इथं मराठीवर विसंबू नका, हे मी स्पष्ट सांगून टाकते.

एकशिंगी

आणि 'आजोबा रोज नदीवर जात असत'? ते 'युज्ड टू गो' ना? शाळेत रीती भूतकाळ शिकलेला आठवतो.

जुनाखडू

अगदी बरोबर. 'युज्ड टू गो', किंवा गोष्ट रंगात आली की 'ही वुड गो'. मराठी शिक्षकानं रीती काळ आणि इंग्रजी शिक्षकानं युज्ड टू एकाच आठवड्यात शिकवलं तर किती बरं होईल. मी नोकरीत असताना आमच्या मराठीच्या बाईंबरोबर हे दोन वर्षं केलं होतं. त्यांची बदली झाली आणि राहिलं.

पावशेर

'गेल्तो' बद्दल कुणी बोललं नाही. आम्ही सोलापूरकडं 'गेलो होतो'चं 'गेल्तो' करतो. 'गेलो आहे'चं 'गेलोय'. इंग्रज 'आय हॅव'चं 'आय्व्ह' आणि 'आय हॅड'चं 'आय्ड' करतात. इंजिन तेच, फक्त डब्यात अर्धं घुसलेलं. बायकोला सांगितलं, ती म्हणाली आता तरी 'गेल्तो'ला नावं ठेवू नका.

दुर्वांकुर

पावशेर, हे फार नेमकं आहे. म्हणूनच ऐकताना मुलांना सहायक क्रियापद सापडत नाही. लिहिलेलं दिसतं, बोललेलं गिळलेलं असतं. ऐकायची सवय करताना आधी 'गेलोय'मधला 'आहे' शोधायला लावायचा, मग 'आय्व्ह'मधला हॅव.

कोयनाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस उशीर झाला. कारण रोज रात्री आम्ही दोघी हा धागाच वाचत होतो.

गार्डकाकांची गाडी तिनं वहीच्या मागच्या पानावर काढली आहे. इंजिन लाल, डबे निळे. डू साठी बाजूला शेड काढलीय, त्यात तीन इंजिनं उभी: डू, डझ, डिड. काल तिनं स्वतःहून मला विचारलं, "आई, यू सॉ द न्यूज, याला इंजिन आहे का?" मी म्हटलं नाही. "मग डिड यू सी," म्हणाली, आणि 'सॉ'चं 'सी' करताना एक क्षण थांबली. तो थांबलेला क्षण बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

फुलीचंही झालं. तिनं बाईंना जाऊन विचारलं, 'काल असला की हॅव जातं, म्हणून ना?' बाई म्हणाल्या हो, आणि पुढच्या तासाला तेच सगळ्या वर्गाला समजावलं.

आता तिचा नवा प्रश्न. कॅनचं कुड, विलचं वुड, मेचं माइट. मग मस्टचा भूतकाळ काय? आणि कॅनला 'ही कॅन्स' असा एस का लागत नाही? मी परत अडकले.

दुर्वांकुर

शाब्बास पोरी. दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. कॅन, मे, शॅल ही रूपं फार प्राचीन काळी भूतकाळीच होती, मग वर्तमानाचा अर्थ देऊ लागली. भूतकाळी रूपाला एस लागत नाही, 'ही वेन्ट्स' नसतं, तसंच 'ही कॅन्स' नाही. आणि मस्ट तर त्याच्याही पुढचं: ते 'मोट' नावाच्या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. मूळचं मोट गेलं, मस्ट उरलं, आणि तेच वर्तमानात वापरायला लागले. म्हणून त्याला आता वेगळा भूतकाळ उरला नाही.

जुनाखडू

मग 'जावं लागलं' कसं म्हणायचं, हे ती विचारणारच. तिथं उसनं घ्यायचं: 'आय हॅड टू गो'. आणि 'तो गेला असणार' म्हणजे अंदाज, तिथं 'ही मस्ट हॅव गॉन'. 'लागलं' आणि 'असणार' हे दोन मराठी शब्द शेजारी लिहून दे तिला, मस्टची दोन तोंडं वेगळी दिसतील.

गार्डाचा_डबा

बाळ, शेडमध्ये मस्टसाठी एक वेगळी लाइन काढ. त्या इंजिनाला मागं जायचा गिअर नाही. मागं जायचं तर हॅड टू बोलवायचं.

कोयनाकाठ

काढली, काका. हिरव्या रंगात. म्हणते आहे, गाडीत गार्डाचा डबा राहिला होता, तो पण आत्ताच जोडला. त्याच्यावर तुमच्यासाठी पूर्णविराम काढलाय.